सरीच्या कडेचे माळवे : कोल्हापूरचा उन्हाळी भाजीपाला, चैत्र ते मृग

कोल्हापूर परिसरात भाजीपाल्याला ‘माळवे’ म्हणतात. बोलण्यात त्याचे ‘माळवं’ होते, आणि मेथी-शेपूच्या जुडीपासून दुधी भोपळ्यापर्यंत मळ्यातून उपटून, खुडून किंवा तोडून आणलेले आणि चुलीवर चढणारे सारे काही या एका शब्दात सामावते. माळवे पिकते त्या जागांनाही इथे स्वतःची नावे आहेत. विहिरीच्या किंवा नदीच्या पाण्यावर भिजणारी जमीन ती मळा, पुराचा गाळ साचून तयार झालेली नदीकाठची जमीन ती मळी आणि घरामागची, मोरीचे पाणी जिथवर पोचते तेवढी मोकळी जागा ते परडे. या तिन्ही जागांत मिळून चैत्रापासून मृग नक्षत्रापर्यंत, म्हणजे साधारण मार्चअखेरपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जो भाजीपाला पिकतो, त्याची दखल जिल्ह्याच्या शेतीविषयीच्या लिखाणात फारशी घेतली जात नाही. ऊस, गूळ आणि दूध यांचा हिशेब मांडून झाला की कोल्हापूरची शेती सांगून झाली, असा समज रूढ आहे. तो चुकीचा नसला तरी अपुरा आहे, कारण उसाने व्यापलेल्या या मुलखातील घरोघरची उन्हाळ्यातील भाजी उसाच्याच सरीत, बांधावर आणि परड्यात, म्हणजे मुख्य पिकाने सोडलेल्या कडेवर पिकत आली आहे.

कडेच्या या शेतीला युरोपात कायद्याने संस्थेचे रूप दिले. ब्रिटनमध्ये गावाच्या किंवा शहराच्या स्थानिक प्रशासनाने जमीन घेऊन तिचे लहान तुकडे पाडायचे आणि ते नाममात्र भाड्याने कुटुंबांना भाजीपाल्यासाठी द्यायचे, ही पद्धत १९०८ च्या कायद्याने पक्की झाली. जर्मनीत लाइपझिग शहरात १८६० च्या दशकात अशाच बागांची चळवळ उभी राहिली. आणि दोन्ही महायुद्धांत या तुकड्यांनी शहरांना भाजी पुरवली. ब्रिटनमधील अशा तुकड्याचे रूढ माप दहा ‘रॉड’ असते. एक एकर म्हणजे असे १६० चौरस रॉड आणि एक एकर म्हणजेच ४० गुंठे, तेव्हा तो तुकडा आपल्या मापाने बरोबर अडीच गुंठ्यांचा भरतो. एवढ्या जागेत चार-पाच माणसांच्या घराची बरीचशी भाजी निघावी, असा त्या मापामागचा अंदाज होता.

महाराष्ट्रात अशी संस्था रुजली नाही, यामागे कायद्याचाही वाटा आहे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीचे ‘प्रमाणभूत क्षेत्र’ ठरवले, म्हणजे ज्याहून लहान तुकड्याची स्वतंत्र खरेदी-विक्री होऊ शकत नाही असे किमान माप ठरवले. २०२३ मध्ये राज्यातील बहुतेक जिल्ह्यांसाठी हे माप बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे असे झाले. त्यानंतरच्या शिथिलीकरणाचा रोख मुख्यतः निवासी क्षेत्राकडे आहे, भाजीच्या वाफ्याकडे नाही. दुसऱ्या बाजूला, १९४८ च्या कूळकायद्याने कसणाऱ्याला जमिनीवर हक्क दिला. तो न्याय्यच होता, पण त्यामुळे जमीनमालक कागदावर जमीन कसायला द्यायला कचरू लागला. परिणामी जमिनीशिवायच्या माणसाला अडीच गुंठे विकत घेता येत नाहीत आणि लेखी भाड्यानेही सहजी मिळत नाहीत. मग जे व्यवहार होतात ते तोंडी. ठरलेली रक्कम देऊन जमीन करण्याला कोल्हापुरात ‘फाळ्याने करणे’ म्हणतात, उत्पन्न निम्मे वाटून घेण्याला ‘अर्धेलीने’. आणि शहरालगतच्या मळ्यांतील पुष्कळ माळवे या दोन शब्दांच्या भरवशावर उभे असते. सरकारी चाकोरीत त्यातल्या त्यात जवळची म्हणावी अशी व्यवस्था गाळपेराची आहे. धरणाचे पाणी ओसरू लागले की जलाशयाच्या काठाची जी जमीन उघडी पडते, ती पाटबंधारे खाते हंगामापुरती भाडेपट्ट्याने देते. या जमिनीला नांगरट नावापुरती लागते, खत जवळजवळ लागत नाही, आणि पाणी जसजसे मागे सरकते तसतशी पेरणी त्याच्या मागोमाग उतारावर खाली सरकत जाते. मात्र पावसाळ्यात हे शेत पुन्हा पाण्याखाली जाते, म्हणून कसणाऱ्याला तिथे बहुवार्षिक काहीच लावता येत नाही.

जमिनीनंतर पाणी. पंचगंगेच्या खोऱ्यातील उन्हाळी पाण्याची गोष्ट राजर्षी शाहू महाराजांच्या पाटबंधारे धोरणापासून सुरू होते. १९०८ च्या सुमारास भोगावती नदीवर राधानगरीच्या धरणाचे काम त्यांनी हाती घेतले; पैशाअभावी ते मध्येच थांबले आणि स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात पुरे झाले. त्या धरणाचे पाणी कालव्यातून न नेता नदीतूनच खाली सोडायचे आणि वाटेत ठिकठिकाणी बंधारे घालून अडवायचे, ही इथली रीत. पावसाळा सरला की दगडी खांबांमधल्या खाचांत फळ्या, म्हणजे ‘बरगे’, बसवायचे आणि मृगाच्या आत ते काढून घ्यायचे, अशी रचना असलेल्या बंधाऱ्याला राज्यभर ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ असेच नाव पडले. बरगे बसले की नदी ही पायरीपायरीने उतरणाऱ्या लांबट तळ्यांची माळ होते, आणि काठावरच्या मोटारी ते पाणी मैल-दोन मैल आतल्या मळ्यांपर्यंत उचलून नेतात. चैत्र-वैशाखात पंचगंगेकाठी हिरवे दिसते ते यामुळे. मात्र ज्या वर्षी धरणसाठा खालावतो त्या वर्षी उन्हाळ्यात नदीवर ‘उपसाबंदी’ लागू होते, ठरावीक दिवस मोटारी बंद ठेवाव्या लागतात. ऊस आठ-दहा दिवसांचा ताण सोसतो, कोथिंबिरीचा वाफा सोसत नाही. उपसाबंदीची झळ सर्वांत आधी माळव्याला लागते आणि तिची नोंद बहुधा कुठेच होत नाही.

परड्याचे पाणी निराळे. मे महिन्यात पिकाने झाकलेल्या जमिनीतून दिवसाला सुमारे ६ मिलिमीटर पाणी उडून जाते असे धरले, तर एका गुंठ्याला रोज ६०० लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या ४० घागरी पाणी लागेल. मोरीतून इतके पाणी कोणत्याही घरात वाहत नाही. म्हणूनच जुन्या परड्यांची मांडणी पाण्याच्या उतरंडीने झालेली दिसते: मोरीच्या तोंडाशी, जिथे चिखल कधी वाळत नाही तिथे अळू, त्यापुढे केळ आणि पपई, कडेला पुदिना, आणि पाणी जिथे पोचतच नाही त्या कोपऱ्यात शेवगा नि कढीपत्ता. फळभाज्यांची आळी हाताने पाणी घालता येईल एवढीच, चार किंवा पाच. ही मांडणी कोणी आखून दिलेली नाही, पण एखाद्या जलतज्ज्ञाने आखली असती तरी यापेक्षा फार वेगळी झाली नसती.

सर्वाधिक उन्हाळी माळवे उसाच्या संगतीने निघते, आणि ते कसे निघते हे समजण्यासाठी उसाचे वेळापत्रक लक्षात घ्यावे लागते. कोल्हापुरात लागण तीन हंगामांत होते: जुलै-ऑगस्टमधली आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली पूर्वहंगामी आणि जानेवारी-फेब्रुवारीतली सुरू. ऊस पहिले तीन-साडेतीन महिने सावकाश वाढतो, त्याची पाने सऱ्यांमधली मोकळी जागा झाकत नाहीत; त्यानंतर मोठी बांधणी, म्हणजे वरंबे फोडून उसाच्या बुडख्याला मातीची भर देण्याचे काम होते, आणि मग शेतात दुसऱ्या कशाला जागा उरत नाही. सुरू लागणीच्या बाबतीत ही मोकळी मुदत नेमकी फेब्रुवारी ते मे अशी येते. या मुदतीत वरंब्याच्या बगलेला कोथिंबीर, मेथी, मुळा, पोकळा यांसारख्या २५ ते ४५ दिवसांत निघणाऱ्या भाज्या, कुठे भेंडी, कुठे काकडी, बांधाच्या कडेने मका आणि गवार, असे टोकण होते. पाणी आणि खत उसासाठीच दिलेले असते, माळवे त्यात वाटेकरी होते. अडीच-पाच फुटी जोडओळ पद्धतीत, म्हणजे उसाच्या दोन ओळी अडीच फुटांवर आणि पुढचा पट्टा पाच फुटांचा अशा लागणीत, तो मोकळा पट्टा आंतरपिकासाठीच असतो, आणि कृषी विद्यापीठाच्या शिफारशींतही त्याला स्थान आहे. शेतकऱ्याच्या घरी मात्र शिफारस येण्याच्या कितीतरी आधीपासून लागणीच्या दिवशी बायका पदरात धने बांधून शेतात जात आल्या आहेत.

इथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. उसाचे बिल कारखान्याकडून खात्यावर जमा होते, तेही लागणीनंतर वर्ष-दीड वर्षाने. ते खाते बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर असते, आणि त्यातून सोसायटीचे कर्ज वळते होऊन उरेल ते हाती पडते. सरीतल्या माळव्याचे पैसे आठवड्याला येतात आणि ते ज्या हाताने भाजी खुडली त्याच हातात पडतात. पाटीभर भाजी डोक्यावर घेऊन जवळच्या आठवडा बाजारात बसणारी बाई घरच्या तेल-मिठाचा, शाळेच्या वह्यांचा आणि माहेरी जाण्याच्या एस.टी. भाड्याचा खर्च त्यातून काढते. आकडेवारीत हे उत्पन्न ‘आंतरपीक’ या रकान्यात बसते किंवा बसतच नाही. घराच्या दृष्टीने मात्र उन्हाळ्याच्या चार महिन्यांत फिरता पैसा तोच असतो. तणनाशकाची फवारणी स्वस्त आणि सोपी झाल्यापासून या माळव्यावर गंडांतर आले आहे, कारण रुंद पानांचे तण मारणारे औषध मेथी आणि तण यांत फरक करत नाही. खुरपणीची मजुरी वाचली, या हिशेबात सरीतून गेलेली भाजी कोणी धरत नाही.

आता प्रत्यक्ष हंगामाकडे वळता येईल. कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पायथ्यापासून फार दूर नाही. एप्रिल-मेमध्ये इथले कमाल तापमान बहुधा ३६ ते ३८ अंशांच्या आसपास राहते, विदर्भ-मराठवाड्यासारखे ते सहसा भडकत नाही, आणि संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो. जिल्ह्याच्या पश्चिमेस गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी भागांत तांबडी निचऱ्याची माती, मध्यभागी मध्यम काळी आणि पूर्वेस शिरोळ-हातकणंगल्यात खोल काळी. त्यामुळे एकाच तारखेला लावलेली भेंडी पश्चिमेला चौथ्या दिवशी पाणी मागते, तर शिरोळच्या काळ्या रानात आठवडाभर तग धरते. याच काळ्या रानात जास्त पाणी देण्याच्या सवयीने हजारो एकर जमीन क्षारपड झाली, म्हणजे खालचे क्षार वर येऊन पांढरी पडली. तिथे आता जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून क्षारयुक्त पाणी काढून देण्याची कामे दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने चालू आहेत. उन्हाळी माळव्याला सर्वांत मोठा धोका पाणी कमी पडण्याचा, हा समज पूर्वेकडे अर्धाच खरा ठरतो.

उन्हाळ्यात भरवशाची भाजी म्हणजे भेंडी आणि गवार. भेंडीचे बी रात्रभर भिजवून वरंब्याच्या कुशीत टोकले की ४५ ते ५० दिवसांत पहिला तोडा येतो आणि त्यानंतर दिवसाआड तोडावी लागते. दोन दिवस राहिली तर ती भाजीची उरत नाही, बियाण्याची होते. बाजारात गिऱ्हाईक भेंडीचे टोक मोडून बघते, ते कट्‌कन तुटले तर कोवळी. विक्रेत्या बायकांना हे आवडत नाही, पण त्यांच्या स्वतःच्या घरीही निवड अशीच होते. भेंडीचा मोठा शत्रू म्हणजे केवडा रोग: पानाच्या शिरा पिवळ्या पडून जाळी दिसू लागते आणि शेंगाही पिवळट पडतात. हा रोग विषाणूचा असून पांढरी माशी तो पसरवते, म्हणून झाडाला औषध मारून तो बरा होत नाही. दिसताच झाड उपटणे, कडेने मक्याच्या दाट ओळी ठेवणे आणि सहनशील वाण घेणे एवढेच उपाय. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली ‘परभणी क्रांती’ याच कारणाने महाराष्ट्रभर पसरली. मिरचीवरच्या अशाच रोगाला, ज्यात पाने वळून लहान होतात आणि झाड खुरटते, शेतकरी ‘बोकड्या’ म्हणतात, आणि एकदा बोकड्या आलेल्या मिरचीकडून पुढे काही मिळेल अशी आशा कोणी धरत नाही. टोमॅटो या काळात त्रासदायक: दिवसाचे तापमान ३५ अंशांपलीकडे गेले आणि रात्रही उकडू लागली की फुले धरण्याऐवजी गळतात, म्हणूनच मेच्या शेवटी टोमॅटोचा भाव चढलेला दिसतो.

खरा उन्हाळी दरबार वेलींचा. काकडी, दोडका, कारले, दुधी, पडवळ, घोसाळे या सर्वांची आळी अक्षय्य तृतीयेला घालावीत, त्या दिवशी लावलेला वेल अखंड फळतो, अशी श्रद्धा महाराष्ट्राच्या अनेक भागांत आहे. श्रद्धेमागचा हिशेब असा की वैशाखात लावलेला वेल मृगाचा पाऊस पडेपर्यंत मांडवावर चढलेला असतो, आणि पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यात, जेव्हा बाजारात भाजी दुर्मीळ असते, तेव्हा फळांवर येतो. मळ्यातले शेतकरी बाजारासाठी त्याच्याही दोन महिने आधी लावतात. कारल्याच्या बियांचे टरफल कठीण, म्हणून बी दिवसभर भिजवून ओल्या फडक्यात बांधून, मोड दिसल्यावरच आळ्यात जाते.

वेलवर्गात नर आणि मादी फुले एकाच वेलावर पण वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ आधीच लगडलेले असते, नर फुलाला नुसता देठ. वेल सुरुवातीला नर फुलेच देतो, आणि ऊन कडक, दिवस मोठा असेल तर ती अधिकच देतो. पहिले पंधरा दिवस फुलांचा सडा पडतो, फळ एकही धरत नाही, आणि नवशिका माणूस खत वाढवतो, त्याने वेल आणखी पानाळतो. फुले उमलण्याची वेळ तर प्रत्येकाची निराळी. काकडी आणि कारले सकाळी उमलतात, त्यांच्यावर मधमाश्यांची वर्दळ असते. दोडका मात्र दिवस कलल्यावर, साडेपाच-सहाच्या सुमारास पिवळी फुले उघडतो, आणि दुधीची पांढरी फुलेही संध्याकाळचीच. ज्याने सकाळी नऊ वाजता कीटकनाशक फवारले त्याने काकडीचे परागीभवन बुडवले; ज्याने संध्याकाळी फवारले त्याने दोडक्याचे. घरच्या परड्यात मधमाशी फिरकत नसेल तर संध्याकाळी नर फूल देठासकट तोडून, त्याच्या पाकळ्या मागे दुमडून, आतली पिवळी भुकटी मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवली की काम होते. दोन दिवसांत फुलामागचे फळ खाली झुकू लागते, नाही तर पिवळे पडून गळते. असे हाताने फळ धरवणे हे शहरातल्या गच्चीवरच्या बागेतही जमते आणि त्यासाठी कोणतेही सामान लागत नाही.

फळ धरल्यावर फळमाशीशी गाठ असते. ही माशी कोवळ्या दोडक्याला किंवा कारल्याला पोटाच्या टोकाची अंडनळी टोचून आत अंडी घालते. वरून फळ चांगले दिसते, वाकडे वाढते आणि चिरल्यावर आत अळी निघते. नराला भुलवणाऱ्या वासाच्या वडीचे कामगंध सापळे आता मळ्यात सर्रास दिसतात, परड्यात मात्र किडलेले फळ उचलून जमिनीत खोल पुरणे हाच स्वस्त उपाय, आणि तो न करता फळ उकिरड्यावर फेकले तर पुढची पिढी तिथेच तयार होते. भुरीवर, म्हणजे पानांवर येणाऱ्या पांढऱ्या भुकटीसारख्या बुरशीवर, गंधक हे जुने औषध. परंतु वेलवर्गाची पाने गंधकाला नाजूक असतात आणि वैशाखाच्या उन्हात गंधक मारले तर भुरीआधी पानेच करपतात.

या साऱ्या गणितात वळीव नावाची अनिश्चितता आहे. मान्सूनपूर्वीचा मेघगर्जनेसह येणारा पाऊस तो वळीव. कोल्हापुरात तो एप्रिल-मेमध्ये बहुधा दुपारनंतर, धुळीच्या वाऱ्यापाठोपाठ, कधी गारांसह येतो आणि तासाभरात निघून जातो. एका वळवाने परड्याचे आठवड्याचे पाणी वाचते, हवा निवते, गळणारी फुले धरू लागतात. तोच वळीव मांडव आडवा करतो, गारांनी काकडीला डाग पाडतो, आणि त्यानंतरच्या दमट दिवसांत वेलींवर करपा उतरतो. ज्या शेतकऱ्याने मांडवाच्या तारांना दक्षिणोत्तर ताण दिलेला नसतो त्याला तो एका संध्याकाळी धडा देऊन जातो.

उन्हाळ्यात निघणारे माळवे सगळेच त्या दिवशी शिजत नाही. कोहळ्याचे सांडगे, मीठ लावून वाळवलेली गवार, ताक-मिठातली सांडगी मिरची ही वाळवणाची कामे याच दिवसांतली, कारण पुढचे चार महिने ऊन मिळणार नसते. वर्षाचा कांदा-लसूण मसालाही एप्रिल-मेमध्येच कुटला जातो, आणि त्यासाठी गडहिंग्लजच्या बाजारातली संकेश्वरी मिरची आजही नाव घेऊन मागितली जाते. ज्या तांबड्या रश्श्यावर कोल्हापूरचा अभिमान उभा आहे, त्याचा रंग देणारी मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या गलबतांतून आलेली आहे, हे इथे जाता जाता नोंदवायला हरकत नाही. त्याआधी इथला तिखटपणा मिऱ्याचा होता.

शहरात हे माळवे लक्ष्मीपुरीत, कपिलतीर्थ मंडईत आणि घाऊक असेल तर शाहू मार्केट यार्डात उतरते. पण शहरच आता मळ्यांत उतरले आहे. पंचगंगेच्या मळीवर घरे उठली, आणि २०१९ व २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ४३ फुटांची धोकापातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर गेले, तेव्हा त्या घरांत ते शिरले. मळी मळ्यांसाठी राहिली असती तर पुराने तिथे गाळ टाकला असता, आणि तो पुढच्या उन्हाळ्याच्या काकडीला उपयोगी पडला असता.

थोड्या जागेच्या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार करणारा माणूसही कोल्हापूरचाच होता, हे या संदर्भात विसरता येत नाही. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी गारगोटीच्या मौनी विद्यापीठात अध्यापन केले आणि पुढे ‘प्रयोग परिवार’ या नावाने शेतकऱ्यांचे असे जाळे उभे केले की ज्यात प्रत्येक शेतकरी आपल्या शेतावर प्रयोग करून निष्कर्ष इतरांना कळवत असे. सांगली-तासगाव भागातील द्राक्षशेतीला या देवाणघेवाणीचा मोठा लाभ झाला. त्यांचा दावा असा की पाच माणसांच्या कुटुंबाचे पोषण १० गुंठ्यांत होऊ शकते. त्याचा आधार पानांच्या क्षेत्रफळाचा हिशेब होता: पीक म्हणजे साठवलेले ऊन, तेव्हा किती चौरस फूट पान किती दिवस उन्हात राहते हे मोजावे, आणि माती म्हणजे त्या पानाला आधार देणारी, पालापाचोळ्यापासून घरीच बनवता येणारी वस्तू समजावी. गणितज्ञाला शोभेल असाच हा दृष्टिकोन. त्यांच्या या विचारातून मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चोथ्यावर गच्चीतली भाजी पिकवली, आणि मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर तिथल्याच ओल्या कचऱ्यातून बाग उभी राहिली. दहा गुंठ्यांचा दावा प्रत्येक कुटुंबाला जसाच्या तसा लागू होईल असे नाही. वर्षभर रोज दोन-तीन तास देणारा माणूस त्या कुटुंबात असावा लागतो, आणि त्या वेळेचा हिशेब पानांच्या क्षेत्रफळात येत नाही. तरीही उसाचा पाला शेतातच पेटवून देणाऱ्या जिल्ह्यात, ‘पाला म्हणजे माती’ हे सांगणारा विचार जन्मावा आणि तो मुंबईच्या गच्च्यांवर अधिक रुजावा, ही विसंगती डोळ्यांत भरते.

शेवटचा प्रश्न बियाण्याचा. गावरान वाणाला कोल्हापुरात ‘जवारी’ म्हणतात, जवारी वांगे, जवारी लसूण, जवारी काकडी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेले ‘हिमांगी’ काकडी, ‘हिरकणी’ कारले किंवा ‘सम्राट’ दुधी यांसारखे सुधारित वाण सरळ आहेत, म्हणजे त्यांचे बी इतर वाणांच्या परागापासून जपून घरी धरले तर पुढच्या वर्षी तेच पीक येते. संकरित पाकिटातल्या बियाण्याचे तसे नाही. त्याच्या फळातले बी पेरले तर वेल येतो, पण भाऊबंद एकासारखा दुसरा निघत नाही, आणि दरवर्षी दुकानात जावे लागते. बाजारासाठी पिकवणाऱ्याला एकसारखे फळ हवे असते, त्याचा संकरित बियाण्याकडे ओढा असणे समजण्यासारखे आहे. परड्याला मात्र एकसारखेपणाची गरज नाही, आणि जवारी वाण टिकतील तर ते परड्यातच टिकतील.

पहिल्या बहरातला एक चांगला दोडका न तोडता वेलावरच वाळू दिला की त्याची जाळी होते, टोकाचे झाकण आपोआप सुटते आणि हलवला की काळ्या बिया खळखळतात. असा दोडका आढ्याला टांगून ठेवण्याची चाल जुन्या घरांत होती आणि काही घरांत अजून आहे. दिवाळीच्या झाडलोटीत जळमटांबरोबर तो कचऱ्यात जातो. तेव्हा आढ्याचा दोडका खाली उतरवलाच तर त्याच्या बिया कागदावर झटकून घ्याव्यात, राखेत घोळून डब्यात ठेवाव्यात आणि डब्यावर वर्ष लिहावे.